मेला मेला नाही

कचऱ्याच्या डब्याच्या कडेवर ते बसलं होतं, बापाची जहागीर असल्यासारखं. वहिनी भाजीच्या सालांचं भांडं हातात घेऊन मागच्या दारात थिजल्या. तोंड उंदराचं, अंग मांजराचं, कान चामड्याच्या कातरणांचे, शेपूट सापासारखी उघडीवाघडी आणि पंजांना चक्क माणसासारखी बोटं. वहिनींचा उभा जन्म ब्लाउज शिवण्यात गेला होता. त्यांच्या मनात आलं, दिवसाअखेर उरलेल्या चिंध्या टाकवेनात म्हणून कुणीतरी हे शिवलंय, आणि तेही माप न घेता.

"अरे मेल्या!"

त्याने मान वळवली, तोंड उघडलं आणि दात दाखवले. एवढे दात वहिनींनी एका तोंडात कधी पाहिले नव्हते. भांडं हातातून निसटलं, सालं पायऱ्यांवर पसरली. ते धूड सावकाश खाली उतरलं, एकेक साल वेचून खाल्लं, बोटं चाटली आणि लाकडी पायऱ्यांखालच्या भगदाडात निघून गेलं. ढेकर तेवढी द्यायची राहिली.

आरडाओरडा ऐकून सून धावत आली. "माझा आई, काय झालं?"

"मेला! पायऱ्यांखाली गेलाय मेला!"

सुनेने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "ओ! मेला!" ती टाळ्या वाजवत म्हणाली. मराठीत या जनावराला मेला म्हणतात असा तिचा समज झाला, आणि तो पुढे कुणाला काढता आला नाही. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ती वहिनींना हाक मारू लागली, "माझा आई, ये ये! मेला आला!"

वहिनी म्हणजे कुणा एकाच्या वहिनी नव्हत्या. गावी गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत, ब्लाउज टाकायला येणाऱ्या आज्यासुद्धा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा परदेशात फ्रिज दुरुस्त करण्याच्या कामाला लागला, तिथलीच मुलगी पाहिली, कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि आईला फोटो पाठवला. वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग सुनेची मापं मागवली. मुलाने ती अशी काही पाठवली की ब्लाउज खांद्यात ढगळ आणि दंडात घट्ट झाला. पण सुनेने तो घालून, हात धड वर होत नसताना, हसून फोटो काढला. तेव्हापासून वहिनींच्या मनात होतं, एकदा जाऊन पाहावं.

तीन महिने राहायचं ठरलं. निघताना नणंद म्हणाली होती, "तीन महिने? वहिनी, महिन्याभरात पिशव्या उचलून परत येशील. त्यांच्या राज्यात तुला कोण विचारतंय?"

वहिनींना नेमकं तेच पाहायचं होतं. पाहुणी म्हणून चार दिवस कोणीही ठेवून घेतं. या घरात आपल्याला हक्काने चिडता येईल एवढी जागा आहे का, हे त्यांना बघायचं होतं.

चिडायला कारणांची ददात नव्हती. सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिचं मराठी मुलाने शिकवलेलं, म्हणजे आळशी माणसाने शिकवलेलं. सासूला ती बिनधास्त 'तू' म्हणे, कारण नवरा म्हणतो. तो, ती, ते यांचा तिला पत्ताच नव्हता. भाजी तो, चहा ती. आणि जगातली प्रत्येक गोष्ट तिच्या तोंडी 'माझा' होऊन येई. माझा आई. माझा भात. खिडकीबाहेर पाऊस लागला की 'माझा पाऊस'. वहिनी दिवसातून पन्नास वेळा सांगत, "अगं, माझी आई. आई बाई आहे ना? म्हणून माझी." सून मान डोलवी आणि म्हणे, "हो, माझा आई."

मुलगा घरी असला की दुभाषा म्हणून उपयोगी पडावा, तर तो दिवसभर लोकांच्या फ्रिजमध्ये डोकं घालून आलेला, सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगे. सून हातवारे करत भलंमोठं बोले, डोळे पुसे, छातीवर हात ठेवी, आणि हा म्हणे, "नको म्हणतेय."

"एवढं बोलली, आणि त्याचं 'नको' एवढंच?"

"मथितार्थ तोच आहे, आई."

मेल्याच्या बाबतीतही तेच झालं. तो रोज डबा उलथा करी, रोज सकाळी वहिनी कंबर धरून पसारा गोळा करत. एकदा पायपुसणं ओढून नेलं. एकदा तर वहिनी कपडे वाळत घालत असताना तो त्यांच्या पायावरून गेला, आणि वळून पाहिलं तेही असं, की तुम्हीच माझ्या वाटेत उभ्या आहात. अशी जनावरं धरून नेणारी माणसं तिथे असतात, फोन केला की गाडी घेऊन येतात, हे वहिनींना मुलाकडूनच कळलं होतं.

"मग कर की फोन."

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायको ताडकन उभी राहिली. पायऱ्यांकडे बोट दाखवलं, पोटाकडे दाखवलं, मध्येच तिच्या भाषेत रडवेली झाली.

"नको म्हणतेय," मुलगा म्हणाला.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं का? सासू कंबर मोडून कचरा गोळा करतेय त्याचं काही नाही, आणि त्या मेल्याचा पुळका! सांग तिला, या घरात एक तर तो राहील, नाही तर मी. तिकीट बघ माझं. या महिन्याचंच बघ."

"आई, नाटकं करू नकोस."

"मी नाटकं करते? नाटकं ती करतेय!"

सून दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "नाटक?" तिने हळूच विचारलं. मुलाने तिला अर्थ सांगितला असावा. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगा सकाळीच कामावर गेला होता. वहिनी स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या, लागेल त्यापेक्षा जास्त जोरात. सून समोर येऊन उभी राहिली. दवाखान्याचा गणवेश अंगात, हातात फोन. बोलायचं ते फोनवर शोधून, घोकून आली असावी.

"माझा आई," तिने सुरुवात केली. "तू जाऊ नको."

वहिनी पुसतच राहिल्या.

सुनेने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "पोट. पोटात... पिशवी." फोनमध्ये पाहिलं. "पिशवी. माझा पिशवी. बाळ आहे."

वहिनींचा हात थांबला.

पिशवी! बाईच्या पोटातल्या पिशवीला पिशवी म्हणतात हे हिला कुणी शिकवलं? असं बायकाच बायकांशी बोलतात. वहिनींच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या जणी माप देता देता पिशवीचीच रडगाणी गात. म्हणजे पोरीने नीट विचारून घेतलंय. सासूला सांगायचं म्हणून.

"बाळ?" वहिनींनी आवाज खाली आणून विचारलं.

"बाळ!" सून हसली, आणि अंगठ्याचं टोक दाखवलं. "इतका छोटा."

"असणारच की गं. आता कुठे..."

"दोन महिने," सुनेने दोन बोटं वर केली. "दोन महिने थांब. प्लीज." आणि मागच्या दाराकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं. "हळू. झोप."

कोण झोपलंय याचा वहिनींनी विचारच केला नाही. नवऱ्यालाही अजून सांगितलेलं दिसत नाही, हळू बोला म्हणतेय, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. फडकं ओट्यावर टाकून त्यांनी सुनेला जवळ घेतलं. तिकिटाचा विषय त्या क्षणी मिटला. संध्याकाळी मुलाने स्वतःहून विचारलं, "आई, तिकीट बघायचंय ना?" तर वहिनी म्हणाल्या, "गप रे. तुला काही कळतं का!"

तिथून पुढे घरात जे सुरू झालं त्याने सून पार गोंधळून गेली. बादलीला हात लावला की बादली काढून घेतली जाई. खुर्चीवर चढून माळ्यावरचा डबा काढायला गेली तर वहिनी किंचाळत. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध समोर येई. सुनेला दूध मुळीच आवडत नव्हतं. ती नाक धरून पीत असे, आणि वहिनी समाधानाने म्हणत, "वास सहन होत नाही ना? होतं असं पहिले काही दिवस."

हे सगळं पोटात ठेवणं वहिनींना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी नणंदेला फोन लावला. "वन्सं, कुणाला सांगू नका हं. अजून तिसराही भरायचाय."

"अगं बाई! माझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही," नणंद म्हणाली. मग काय, सांगायलाच नको.

मुलाने आईसाठी म्हणून एक जुनं शिलाई मशीन आणून ठेवलं होतं, बहुधा आईचं डोकं थंड राहावं म्हणून. वहिनींनी मऊ सुती कापड मागवलं, ते धुऊन धुऊन अजून मऊ केलं आणि झबली शिवायला बसल्या. बंद पाठीमागे, शिवण बाहेरच्या अंगाने, बाळाला टोचू नये म्हणून. प्रत्येक प्रकारची दोन-दोन शिवली. सुनेने दोन बोटं दाखवली होती ती महिन्यांसाठी, हे खरं, पण कुणी सांगावं.

मेल्याकडे त्यांचं लक्ष कमी झालं. डबा उलथा पडलेला दिसला तर त्या नुसत्या पुटपुटत, "तुझं काय ते माझं नातवंड आल्यावर बघते."

एका रविवारी त्यांनी ती झबली एका स्वच्छ फडक्यात बांधून सुनेच्या हाती दिली. "बाळाला," त्या म्हणाल्या. मुलगा अंघोळीला गेला होता; वेळ साधली होती.

सुनेने गाठ सोडली. एक झबलं उचलून तळहातावर ठेवलं. ते बघताना तिचे डोळे भरून आले. "माझा आई... बाळाला? तू शिवला? थंडी म्हणून?"

"थंडीत तर लागतीलच. कापड मऊ आहे, बघ गालाला लावून."

सुनेने ते गालाला लावलं आणि वहिनींना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा कानावरून निघाला. बाईची माया बाईलाच कळते हो, वहिनींना वाटलं. मग भाषा कुठलीही असो.

त्याच आठवड्यात संध्याकाळी त्या एकट्याच घरी होत्या. सून कामावरून यायची होती. मागच्या पायऱ्यांवर खुडबुड झाली. वहिनींनी दार किलकिलं केलं. मेला नेहमीच्या थाटात भगदाडाकडे निघाला होता, आणि त्याच्या शेपटीत, एखाद्याने काखोटीला वळकटी मारावी तसं गुंडाळलेलं, पिवळ्या ठिपक्यांचं झबलं होतं.

क्षणभर वहिनींना दिसतंय ते खरं वाटेना. मग त्यांनी पायऱ्यांखाली पाहिलं. भगदाडाच्या तोंडाशी, नीट घडी घालून, आणखी दोन झबली ठेवलेली होती. कुणीतरी आपल्या हाताने.

"मुडद्या! माझ्या नातवंडाचं झबलं!"

लांब दांड्याचा झाडू दाराशीच होता. तो त्यांनी उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि फाडकन आपटला. मेल्याला तो लागलासुद्धा नाही. वीतभर अंतरावर फळीवर बसला. पण मेला जागच्या जागी कलंडला. पाय ताठ, तोंड उघडं, जीभ बाहेर, तोंडातून लाळ. आणि असा काही घाण वास सुटला की वहिनींनी पदर नाकाला लावला.

"अरे," त्या म्हणाल्या. "अरे, ऊठ."

उठेना. झाडूच्या टोकाने हलकेच ढोसलं. अंग हललं, जीव असल्यासारखं काही हललं नाही.

वहिनी मटकन पायरीवर बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी पाल मारली नव्हती. झुरळ दिसलं की शेजारणीला बोलावत. आणि परक्या मुलखात येऊन हे काय करून बसल्या? त्याला शिव्या दिल्या, तळपट होवो म्हणाल्या, पण म्हणून का असं लगेच व्हायचं? इथे जनावर मारलं तर पोलीस येतात, असंही मुलगा म्हणाला होता. सुनेला तर हा मेला जिवापाड आवडे. आता ती तोंड बघायची नाही. दोन महिने थांब म्हणणारी पोरगी उद्या स्वतः विमानतळावर सोडून येईल. आणि पोटुशी बाई, तिने हे असलं बघायचं?

फाटक वाजलं. सून आली. वहिनी दोन्ही हात पसरून तिच्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "इकडे बघू नकोस! अशा दिवसांत बघायचं नसतं! मेला... मेला गं. खरंच मेला!"

सुनेने त्यांच्या काखेखालून डोकावून पाहिलं. मग वहिनींचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि खिडकीशी उभं केलं.

"माझा आई. मेला मेला नाही."

"अगं, मी माझ्या हाताने..."

"मेला मेला नाही," सून ठामपणे म्हणाली. बरोबर शब्द सापडेना म्हणून कपाळाला हात लावला, आणि एकदम आठवून म्हणाली, "नाटक!"

"काय?"

"मेला भिला. नाटक करतो. तू गप्प. बघ."

दोघी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. वहिनींचे पाय दुखू लागले. मग मेल्याच्या पोटाची कातडी हलली. बाकी अंग मेलेलंच, पण पोट वळवळत होतं. पोटावरची एक फट सैल झाली, शिवण उसवावी तशी, आणि तिच्यातून बोटाएवढं गुलाबी तोंड बाहेर आलं. त्याने हवा हुंगली. त्याच्या शेजारी दुसरं आलं. तिसऱ्याने दोघांना मागे ढकललं.

"पिशवी," सून कौतुकाने म्हणाली. "मी म्हणाला होता. पोटात पिशवी. खूप बाळ."

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. अंगठ्याच्या टोकाएवढं बाळ. दोन महिने थांब. हळू, झोपलंय. एकेक वाक्य त्यांच्या डोक्यात मागे मागे जाऊन, उलटं होऊन, योग्य जागी बसत गेलं. बाही उलटी जोडली गेल्याचं पूर्ण ब्लाउज शिवून झाल्यावर लक्षात यावं, तसं.

"ती पिशवी?" त्यांनी बाहेर बोट दाखवलं. "आणि ही?" बोट सुनेच्या पोटाकडे आलं.

सुनेने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग वहिनींकडे. मग ओट्यावर झाकून ठेवलेल्या दुधाच्या पेल्याकडे. तिचा चेहरा आधी पांढरा आणि मग कानापर्यंत लाल झाला. "नाही! माझा पिशवी... रिकामा!" तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. बोटांमधून हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता तिला दूध आठवलं असावं, कारण ती म्हणाली, "म्हणून दूध!"

"हसतेस काय, बावळटे! सगळ्या गावाला सांगून बसलेय मी!"

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. मुलगा फोन कानाला लावून आत आला. चेहऱ्यावर झोप नव्हती. कितीतरी दिवसांनी तो पुरता जागा दिसत होता. "आत्या आहे," त्याने फोन बाजूला धरून सांगितलं. "आनंदाश्रू गाळतेय. म्हणतेय, बाप होणार हे आत्याला कळतं आणि तू मात्र लपवतोस. आई, मी बाप होणार आहे?"

"तू नाहीस," वहिनी कडाडल्या. "तिकडे बघ, खिडकीबाहेर. फोन ठेव आधी!"

बाहेर मेल्याने एक कान हलवला. एक डोळा उघडून झाडू कुठे आहे ते पाहिलं. मग सावकाश उठला, अंग झाडलं, बाहेर डोकावणारी तोंडं पोटाखाली कोंबली आणि पिवळं झबलं शेपटीत परत गुंडाळून घेतलं.

"बघा, बघा निर्लज्ज! मेला झबलं काही सोडत नाही!"

"मेला नाही," सून म्हणाली.

"हो, कळलं मला. नाटक."

"नाही, नाही." सुनेने मान हलवली. शब्द जुळवत ती थांबली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून पाहिलं. "बाळ आहे ना? आई आहे. बाई आहे." आणि वहिनींनी दिवसातून पन्नास वेळा शिकवल्यासारखं, त्यांच्याच सुरात, ती म्हणाली, "म्हणून मेली."

मुलगा सोफ्यावर बसून हसू लागला. वहिनींनी सुनेकडे पाहिलं. इतके दिवस घसा कोरडा केला, भाजीला तो म्हणाली, चहाला ती म्हणाली, आणि पोरीला लिंग कळलं ते कुणाचं, तर हिचं! बाहेर ती मेली पोटातलं सगळं लटांबर सांभाळत, अवघडल्या चालीने एकेक पायरी उतरत होती. तिसऱ्या पायरीवर दम खायला थांबली. वहिनींची कंबरही नेमकी तिथेच धरायची.

"तिकिटाचं काय करू?" मुलाने विचारलं. आता हे विचारायची काही गरज होती का!

सुनेने वहिनींचा हात धरला. "दोन महिने मेलीचा. मग मेली जाईल." दाराकडे हात केला. "माझा आई नाही जाणार."

माझी, वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला काय विचारतोस," त्या मुलावर खेकसल्या. "त्या पायऱ्यांखाली ओल असते, माहितेय का? झबल्यांनी काय होणार तिथे? जुनं घोंगडं असेल एखादं तर काढ. आणि हे दूध पिऊन टाक तू. टाकून कसं द्यायचं, पैसे पडतात."

फोन परत वाजला. नणंदच होती. वहिनी तो घेऊन मागच्या दाराशी गेल्या, दार अर्धवट उघडं ठेवून, हळू आवाजात बोलू लागल्या.

"नाही हो वन्सं, सून ठणठणीत आहे. तिला काही नाही... अहो, नाही म्हणजे नाहीच... तर काय, बाळं आहेत ना घरात. ढीगभर आहेत... कुणाची काय? मेलीची... कोण मेली? कुणी मेलेलं नाही हो! थांबा, रडू नका, आधी ऐकून घ्या माझं..."